ग्रीन कॉन्फरन्सचा स्टॉल आणि ‘ठरवून दिलेल्या भेटी’: पैसे भरायच्या आधी

तुमची पोस्ट वाचली आणि आमचीच जुनी फाईल उघडल्यासारखं झालं. डोंबिवलीला फ्लाय ॲश (वीज केंद्रातल्या कोळशाच्या राखेच्या) ब्लॉकचं छोटं युनिट, मुंबईत बीकेसीतल्या (वांद्रे-कुर्ला संकुल) शाश्वत बांधकामावरच्या परिषदेत तीन बाय तीन मीटरचा स्टॉल, सोबत ‘नामांकित बिल्डरांच्या पर्चेस हेडशी (खरेदीप्रमुखाशी) ठरवून दिलेल्या भेटी’ असं पॅकेज, आणि ‘निम्मी रक्कम आजच भरा, दोनच जागा उरल्यात’ म्हणून रोज येणारा फोन. घ्यावं का, असं विचारलंय. भेटींचं पॅकेज घेऊ नका. परिषदेला मात्र जरूर जा.

माझं काम तळोज्याला, डेब्रिजच्या (पाडकामाच्या राडारोड्याच्या) खडीपासून पेव्हर ब्लॉक आणि कर्ब स्टोन बनवण्याचं. तुमचा माल वेगळा आहे, त्यामुळे माझं सगळं तुम्हाला जसंच्या तसं लागू पडेल असं नाही. सगळे आयोजक सारखे नसतात हेही आधीच सांगतो. कार्ड, ब्रोशर, बॅनर हे तुम्ही बघालच, त्यात शिरत नाही.

आम्ही घेतलेल्या पॅकेजमध्ये तीन गोष्टी लिहिल्या होत्या: स्टॉल, खरेदी करणाऱ्यांशी भेटींचं वेळापत्रक आणि परिषदेनंतर उपस्थितांची यादी. वेळापत्रक आदल्या रात्री आलं. त्यात फक्त कंपन्यांची नावं, माणूस कोण आणि हुद्दा काय याचा पत्ता नाही. पहिल्या टेबलावर एका बिल्डरच्या मार्केटिंग विभागातल्या बाई होत्या. त्यांना जाहिरातीत ‘ग्रीन’ काय लिहिता येईल ते हवं होतं. मालाशी त्यांचा संबंधच नव्हता. बिचाऱ्या स्वतःच अवघडल्या होत्या. दुसऱ्या टेबलावर काँक्रीटचं ॲडमिक्स्चर (त्यात मिसळायचं रसायन) विकणारा माणूस, तोच आम्हाला माल विकायला बसलेला. त्यानंतरची टेबलं रिकामी. आयोजकांच्या ऑफिसला विचारलं तर भेटी बाहेरच्या एजन्सीने ठरवल्यात म्हणाले. एजन्सीला विचारलं तर आयोजकांशी बोला. उपस्थितांची यादी मागितली तर लोकांची माहिती देता येत नाही. ते तत्त्व मला मान्य आहे, पण मग पॅकेजमध्ये लिहून तिचे पैसे का घेतले?

हेही गिळलं असतं. खरा फटका बिलाचा. आमच्याकडे होतं ते फक्त प्रोफॉर्मा, म्हणजे कच्चं बिल. टॅक्स इन्व्हॉइस महिनोन्महिने आलं नाही, आणि आलं तेव्हा त्यावर दुसऱ्याच कुणाचा जीएसटी नंबर. ‘दुरुस्त करून पाठवतो’, ‘अकाउंट्सच्या मॅडम रजेवर आहेत’, ‘मेल केलाय, स्पॅम बघा’ यातच सगळा वेळ गेला. समोरच्याने त्याच्या रिटर्नमध्ये तुमच्या नंबरावर बिल दाखवलं नाही, तर ते तुमच्या टू-बीमध्ये (जीएसटी पोर्टलवरच्या तुमच्या खरेदीच्या यादीत) दिसत नाही आणि भरलेल्या जीएसटीचं क्रेडिट घेता येत नाही. एखाद्या आर्थिक वर्षाचं राहिलेलं क्रेडिट घ्यायची मुदत साधारणपणे पुढच्या ३० नोव्हेंबरपर्यंत असते. वार्षिक रिटर्न त्याआधी भरलं तर तिथेच संपते. आमची मुदत त्या ऑफिसच्या टोलवाटोलवीत गेली आणि जीएसटीचे १८ टक्के बुडाले. मोठ्या कंपनीच्या हिशेबात ही रक्कम दिसणारही नाही, पण लहान युनिटला त्यात मजुरांचा पगार निघतो. एवढ्या मोठ्या हॉलमध्ये परिषद भरवणाऱ्यांना एक बिल नीट काढता येत नाही, आणि स्टेजवर विषय काय, तर उद्योगातल्या उत्तम कार्यपद्धती. आजही आठवलं की संताप होतो.

याला जोडूनच एक. उद्यम नोंदणी असलेल्या लहान युनिटांना एमएसएमई मंत्रालयाच्या प्रोक्युअरमेंट अँड मार्केटिंग सपोर्ट योजनेतून काही प्रदर्शनांच्या स्टॉलभाड्याचा मोठा भाग परत मिळू शकतो. तुमची परिषद त्यात बसते का, ते आधी विचारून घ्या. पण तिथेही आधी तुमच्या नावाचं बिनचूक बिल लागतं. ते नसेल तर क्रेडिटही जातं आणि ही मदतही. मी सीए नाही, हे तुमच्या सीएकडून तपासून घ्या.

तरीही स्टॉल घ्यायचाच असेल तर पैसे भरायच्या आधी मेलवर उत्तर मागा: भेटायला येणाऱ्यांचा हुद्दा काय, ते आलेच नाहीत तर किती रक्कम परत, टॅक्स इन्व्हॉइस पैसे मिळाल्यावर किती दिवसांत, आणि वीज, टेबल, खुर्च्या भाड्यात धरल्यात की वेगळ्या. फोनवर गोड बोलणारा माणूस या मेलला उत्तर देत नसेल, तर तेच उत्तर समजा.

आता भेटी नकोच का म्हणतो. मुंबईत माल साइटवर जातो तो पर्चेस हेडशी हात मिळवून नाही. स्पेसिफिकेशन आर्किटेक्ट लिहितो, भिंतीचं वजन किती धरायचं ते स्ट्रक्चरल कन्सल्टंट बघतो, पीएमसी (प्रकल्पाचं व्यवस्थापन बघणारी सल्लागार कंपनी) मंजुरी देते, क्यूसी (दर्जा तपासणारा) इंजिनिअर नमुना तोडून बघतो. पर्चेसवाला शेवटी येतो आणि फक्त रेट पाडतो. तिथून सुरुवात केलीत तर पहिल्याच वाक्याला रेटवर अडकाल.

परिषदेत माझ्या मते शोधायचा माणूस म्हणजे ग्रीन रेटिंगची कागदपत्रं तयार करणारा कन्सल्टंट. आयजीबीसी असो की ग्रिहा (इमारतींना ग्रीन रेटिंग देणाऱ्या पद्धती), त्याला प्रत्येक मालाचा पुरावा जोडावा लागतो: पुनर्वापरातला भाग किती टक्के, माल कुठे बनला, चाचणीचा अहवाल कुठला. ही कागदं मिळवताना लहान उत्पादकांच्या मागे धावून तो मेटाकुटीला आलेला असतो. तुमची फाईल तयार असेल तर तोच तुमचा फोन नंबर पुढे देतो. तुमच्या मालाला जे भारतीय मानक (आयएस) लागू असेल (राख-सिमेंटच्या विटांना आयएस १६७२०, राख-चुन्याच्या विटांना आयएस १२८९४), त्याप्रमाणे एनएबीएल मान्यतेच्या लॅबचा अहवाल करून घ्या आणि राखेचं प्रमाण लेटरहेडवर सहीशिक्क्यासह लिहून ठेवा. ‘इको-फ्रेंडली’ हा शब्द ब्रोशरवरून काढून टाका, तिथे टक्केवारी छापा. माझ्या मालाची गाडी पुढे सरकली ती आयएस ३८३ या खडी-वाळूच्या मानकाच्या २०१६ च्या आवृत्तीमुळे. त्यात पुनर्वापरातल्या काँक्रीट खडीला साध्या काँक्रीटमध्ये २५ टक्क्यांपर्यंत, आणि एम-२५ या ताकदीच्या श्रेणीपर्यंतच्या आरसीसीत २० टक्क्यांपर्यंत परवानगी आहे. हे पान हातात ठेवल्यावर माझ्याशी वाद घालणारे इंजिनिअर बसून बोलायला लागले.

स्टेजवर ऐकलेलं मात्र तुमच्या गिऱ्हाइकाला लागू आहे का, हे दरवेळी तपासा. ग्रीन इमारतीला रेटिंगप्रमाणे ३, ५, ७ टक्के जादा एफएसआय (प्लॉटच्या प्रमाणात मिळणारं बांधकाम क्षेत्र) मिळतो, हे प्रत्येक चर्चासत्रात येतं. ती तरतूद राज्याच्या २०२० च्या एकत्रित नियमावलीत, म्हणजे यूडीसीपीआरमध्ये आहे, आणि ती नियमावली बृहन्मुंबईला लागू नाही. तिथे मुंबईची स्वतंत्र नियमावली, डीसीपीआर २०३४, चालते. दादरच्या बिल्डरला हे सांगायला गेलात तर तो तुम्हाला नवखे समजेल. पण तुमच्या कल्याण-डोंबिवलीत आणि ठाण्यात यूडीसीपीआरच आहे! तिथला बिल्डर आधी प्री-सर्टिफिकेशनवर (बांधकामाआधीच्या तात्पुरत्या ग्रीन प्रमाणपत्रावर) जादा एफएसआय घेतो आणि शेवटी ते रेटिंग सिद्ध करून दाखवावं लागतं, नाहीतर दंड. त्याला तुमची कागदं मनापासून हवी असतात. बीकेसीत पैसे ओतण्याआधी घराजवळची ही बाजारपेठ बघा, असं मला अगदी कळकळीने सांगावंसं वाटतं.

आणि खर्च करायचाच तर लहान कार्यक्रमांवर करा. इंडियन काँक्रीट इन्स्टिट्यूटचं मुंबई केंद्र, आर्किटेक्ट-इंजिनिअरांची संघटना पीटा, फोर्टातली आर्किटेक्टांची संस्था आयआयए, यांची तांत्रिक व्याख्यानं होत असतात. तिथे चहाच्या वेळी तुमच्या शेजारी उभा असलेला माणूस खरंच साइटवर काम करणारा असतो. आमची पहिली मोठी ऑर्डर अशाच व्याख्यानात विचारलेल्या पाणीशोषणाच्या एका प्रश्नातून आली. वक्त्यांनी उत्तर दिलं, आणि मागच्या रांगेतल्या क्यूसी इंजिनिअरने बाहेर गाठून नमुने मागवले. प्रश्न एकच न्या, पण आकड्यांसह.

डेब्रिजवर काम करणारं कुणी वाचत असेल तर: २०२५ चे बांधकाम-पाडकाम कचऱ्याचे नवे केंद्रीय नियम १ एप्रिल २०२६ पासूनचे आहेत आणि २०,००० चौरस मीटर व त्याहून मोठ्या प्रकल्पांवर पुनर्वापराची जबाबदारी टाकतात. मोठ्या बिल्डरांच्या पर्यावरण विभागातली माणसं आता परिषदांना येतात ती याचसाठी. त्यांना गाठा. २०१६ मध्ये कचरा डम्पिंगच्या प्रश्नावरून उच्च न्यायालयाने मुंबईतल्या नव्या बांधकाम परवानग्या थांबवल्या होत्या. तोवर आमचा फोनही कुणी उचलत नव्हतं.

गोरेगावच्या नेस्कोला प्रदर्शन असेल तर राममंदिर स्टेशनला उतरा, गोरेगावची गर्दी वाचते. बीकेसीला आता भुयारी मेट्रो आहे, तरी ब्लॉकची पिशवी खांद्यावर नेऊ नका. एकच ब्लॉक मधून कापून घ्या, आतला पोत दिसला पाहिजे. शक्यतो शेवटच्या दिवशी दुपारनंतर जा. तेव्हा स्टॉलवरची तांत्रिक माणसं मोकळी असतात आणि नीट बोलतात.

पॅकेजच्या मेलमधला भेटींचा आणि परताव्याचा मजकूर, आयोजकांचं नाव झाकून, इथे टाका. आज रात्री वाचून कुठे काय लिहून मागायचं ते सांगतो. तोवर आगाऊ रक्कम भरू नका.