सोलापूरहून मुलांना गाडीतल्या सफारीला न्यायचंय. हैदराबाद बरं की बंगळूरजवळचं बन्नेरघट्टा? प्राणी फिरताना दिसतात की नुसते झोपलेले? आणि त्यांचे हाल तर होत नाहीत ना?

पोरं लहान असतील तर हैदराबाद. रात्री गाडीत बसलं की सकाळी तिथं. नेहरू प्राणिसंग्रहालय सोमवारी बंद असतं, बन्नेरघट्टा मंगळवारी. तेवढं बघून तिकिटं काढा.

मी लिहायला बसलोय ते तुमच्या दुसऱ्या प्रश्नासाठी. 'फिरताना दिसतात की नुसते झोपलेले' यावरून आमच्या दाजींचं आणि माझं कधीचं वाजलेलं आहे. माझी सगळी नोकरी जनावरांच्या दवाखान्यात गेली, त्यामुळे या विषयावर मला गप्प बसवत नाही.

ताई, दाजी, भाचरं आणि आम्ही असे सगळे एका सफारीला गेलो होतो. कुठल्या, ते मुद्दाम सांगत नाही. खिडक्यांना जाळी लावलेली बस. पहिलं फाटक मागे बंद झालं की मगच पुढचं उघडतं, ती व्यवस्था चोख होती. आत गेल्या गेल्या झाडाखाली सिंह दिसला. चारी पाय वर, पोट उघडं, नाकावर माश्या. बस हाताच्या अंतरावर थांबली तरी त्याचा फक्त एक कान हलला. बसमध्ये लगेच सुरू झालं, "उठवा की ओ त्याला!" दाजींनी ड्रायव्हरला हॉर्न मारायला लावला. हॉर्नने उठेना, तेव्हा त्याने जागेवरच इंजिन रेटलं. सिंहाने मान उचलून जांभई दिली आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या.

पुढच्या भागात वाघ होता, कुंपणाच्या कडेने चालणारा. आता दाजी खूश. "बघ, कसा रुबाबात चाललाय! पैसे वसूल." मी त्याच्या पायाखाली बघत होतो. कुंपणालगत गवताची काडी नव्हती, माती घासून गुळगुळीत पट्टा पडलेला. ठरावीक खांबापाशी यायचा, त्याला नाक लावायचा, मान एकाच बाजूला झटकून वळायचा आणि आपल्याच पावलांवर पाय टाकत परत जायचा. नाक लागून लागून खांबावर काळा डाग पडला होता. बस गेली, आली, त्याने एकदाही आमच्याकडे पाहिलं नाही.

हे मी आयुष्यभर बघत आलोय. टांग्याचं घोडं महिनोन्‌महिने जागेवर बांधून ठेवलं की उभ्या उभ्या डुलायला लागतं. मालक कौतुकाने सांगतो, "डॉक्टर, नाचतंय बघा." ते नाचणं नसतं. जनावराला करायला काही उरलं नाही की ते असं करतं. वाघाचं तेच. 2003 साली ऑक्सफर्डच्या दोन संशोधिकांनी 'नेचर'मध्ये मांडलं होतं, की रानात ज्या शिकारी प्राण्याचा वावर जितका मोठा, तितक्या बंदिवासात त्याच्या येरझाऱ्या जास्त आणि त्याची पिल्लंही जास्त दगावतात. ध्रुवीय अस्वलाचं तर फारच वाईट होतं.

आणि सिंह? तो रानातसुद्धा दिवसातले अठरा-वीस तास पडूनच असतो. बसशेजारी पोट उघडं टाकून झोपलेला सिंह म्हणजे निर्धास्त सिंह. त्या सफारीत सगळ्यात चांगलं काही बघितलं असेल तर तेच. दाजींना हे आजही पटत नाही. लग्नाकार्यात भेटले की "तिकीट काढून झोपलेला सिंह बघायचा तर फोटो काय वाईट" हे ठरलेलं. पोरांना आधीच सांगून न्या, की सिंह झोपलेला असेल आणि तसाच असायला पाहिजे. बसमध्ये कोणी जाळी बडवायला लागला किंवा ड्रायव्हरने हॉर्न दिला, तर तिथेच बोला, भिडस्तपणा नको. प्राणिसंग्रहालयातल्या प्राण्याला डिवचणं, खायला घालणं, आवाज करून त्रास देणं हा 1972 च्या वन्यजीव कायद्याच्या कलम 38 जे प्रमाणे गुन्हा आहे. तिकीट काढलं म्हणून तो माफ होत नाही. उन्हाळ्यात जाऊ नका, थंडीत सकाळची पहिली फेरी धरा.

मोकळं जनावर बघायचं तर आधी नान्नजच्या माळढोक अभयारण्यात जा, घरापासून तासाभरावर. काळवीट दिसतील, नशीब असेल तर लांडगा. गाडी मात्र रस्त्यावरच ठेवा. फोटोसाठी माळावर गाडी घालणाऱ्यांचा मला भयंकर राग येतो. काळविटाची मादी पाडसाला गवतात दडवून चरायला जाते, आणि ते पाडस गाडी अगदी जवळ आली तरी उठत नाही.

आता दाजींच्या बाजूचंही लिहितो. येरझाऱ्या दिसल्या म्हणून लगेच त्या जागेला नावं ठेवू नका. संध्याकाळी निवाऱ्याच्या दारापाशी फेऱ्या मारणारा वाघ खाण्याची वाट बघत असतो. बन्नेरघट्ट्यात सर्कशीतून सोडवलेल्या वाघ-सिंहांचं आणि दरवेश्यांकडून सोडवलेल्या अस्वलांचं बचाव केंद्र आहे. अशा जनावरांना चांगली जागा मिळाली तरी जुनी खोड लवकर सुटत नाही, काहींची कधीच सुटत नाही. म्हणूनच मी त्या सफारीचं नाव लिहिलं नाही. पण दाजी ज्याला रुबाब म्हणाले, तो वाघ भर सकाळी चालत होता. खाणं संध्याकाळी, आणि निवाऱ्याचं दार कुंपणाच्या पार दुसऱ्या टोकाला होतं.