पिशवी नेमकी कधी बांधली?

धुऱ्यावरच्या भुईरिंगणीची, म्हणजे त्या जांभळ्या फुलांच्या काटेरी रानझाडाची, तुमची नोंद वाचली. फुलोरी माश्यांच्या (लहान मधमाश्यांच्या) भेटी ढिगानं, पण कीटक येऊ नयेत म्हणून पिशवी बांधलेल्या फुलांनाही फळं धरली, म्हणून हिला फळ धरायला कीटकांची गरजच नाही, असं तुमचं म्हणणं. पिशवी कधी बांधली ते लिहिलं नाही, आणि गोम तिथंच आहे. याच चुकीत माझा अख्खा हंगाम पाण्यात गेला.

उमललेल्या फुलाला पिशवी बांधून उपयोग नाही. भुंगा सकाळीच येऊन गेलेला असला तर राखण कशाची? आदल्या संध्याकाळी बांधा, कळी जांभळी पण घट्ट मिटलेली असताना. मच्छरदाणीचं कापड चालतं. प्लास्टिक नको, आत दमट होतं. देठाला आधी कापूस, मग दोरा, नाहीतर मुंग्या शिरतात. आत तारेचं कडं घाला. कापड वाऱ्यानं फुलावर घासलं तर परागकण तेच सांडवतं. एवढं करूनही फळ धरलं, तर तुमचं म्हणणं विचारात घेऊ.

भेटी मोजण्यावर माझा फारसा विश्वास नाही. या फुलात मध नसतो. पराग पिवळ्या परागकोशांच्या टोकावरच्या बारीक छिद्रांतून पडतो, तोही कोश थरथरल्यावर. भुंगा किंवा निळ्या पट्ट्यांची माशी कोशांना मिठी मारून गुणगुणते. आवाज एकदम चिरका होतो, कानाला लगेच कळतो. फुलोरीला ते जमत नाही, ती पाकळीवर सांडलेलं वेचते. म्हणून वहीत 'बसली' वेगळं लिहा, 'कुक्षीला (पराग झेलणाऱ्या टोकाला) अंग लागलं' वेगळं. 20 फुलं ठरवा, 10 मिनिटं बघा, हातभर लांबून. सावली फुलावर पडू देऊ नका. शेजारच्या वावरात फवारणी असेल तो दिवस सोडा.

शाळेतला नादकाटा मिळाला तर वाजवून कोशांच्या बुडाला टेकवा, खाली काळा कागद धरा. पिवळसर धूळ उडते. तीच दुसऱ्या झाडाच्या पिशवीतल्या फुलाच्या कुक्षीला लावा आणि त्याची फळं वेगळी मोजा. काटे पानांवरही असतात, हात सांभाळा.

हे भुईरिंगणीपुरतं. रुईचं गणित निराळं, तिथं परागाच्या जोडपिशव्या भुंग्याच्या पायाला अडकून जातात.

माश्यांची ओळख पटवायला एका कार्यालयात डबी नेली होती. झाकण न उघडताच 'मधमाशी' लिहून दिलं. त्यापेक्षा पाठीचा, तोंडाचा आणि मागच्या पायांचा जवळून फोटो काढून इथं टाका.