कार्बेन्डाझिम बुरशीत नेमकं काय थांबवतं?

प्रश्न : मॅडम, आमची तासगाव तालुक्यात द्राक्षबाग आहे. करपा रोगासाठी आम्ही कार्बेन्डाझिम हे बुरशीनाशक फवारतो. दुकानदार सांगतात, हे बुरशीचं पेशीविभाजन थांबवतं. म्हणजे नेमकं काय होतं? केवडा रोगावर ते का चालत नाही? आणि करप्यावरही आता पहिल्यासारखा गुण का येत नाही?
– एक बागायतदार

उत्तर : दुकानदारांचं म्हणणं बरोबर आहे, फक्त पेशीविभाजनाऐवजी केंद्रकाचं विभाजन म्हणायला हवं. बुरशीत या दोन्ही गोष्टी हातात हात घालून चालतातच असं नाही. इतकी वर्षं वनस्पतिशास्त्र शिकवताना मला बुरशीची ओढ लागली ती यामुळेच.

वेलीच्या शेंड्यात केंद्रक दुभागलं की पाठोपाठ पेशीही दुभागते. बुरशीचा तंतू मात्र टोकाने वाढत राहतो आणि केंद्रकं त्याच नळीत दुप्पट होत जातात. ॲस्परजिलस निड्युलन्स या बुरशीत हे फार छान पाहता येतं. बीजाणू ओलाव्यात फुगतो, कोंब टाकतो. आत एकच केंद्रक असतं. हायड्रोक्लोरिक आम्लाची प्रक्रिया करून गीम्सा रंग दिला की सूक्ष्मदर्शकाखाली जांभळे ठिपके मोजता येतात. आधी दोन, मग चार, मग आठ, आणि तोवर पेशी वेगळ्या करणारा आडवा पडदा बहुधा एकही पडलेला नसतो! पुढे वाढत्या टोकातली केंद्रकं जवळजवळ एकदमच विभागतात, आणि ३७ अंशांना ही वाटणी जेमतेम पाच मिनिटांत उरकते.

शाळेच्या पुस्तकातल्या कांद्याच्या मुळाच्या चित्रात केंद्रकाचं आवरण विरून जातं. इथे ते शाबूत राहतं. त्यातली छिद्रं तेवढ्यापुरती सैल होतात, ट्युब्युलिन नावाचं प्रथिन आत शिरतं आणि त्याच्या अतिसूक्ष्म नळ्या आतल्या आत उभ्या राहतात. आठ गुणसूत्रांच्या दोन्ही प्रती दोन टोकांना नेण्याचं काम या नळ्यांचं.

कार्बेन्डाझिम घाव घालतं ते इथे. ते बीटा-ट्युब्युलिन या ट्युब्युलिनच्याच एका प्रकाराला चिकटतं, मग नळ्या धड उभ्याच राहत नाहीत. गुणसूत्रं दुप्पट होऊन तयार, पण वाटणी होत नाही. म्हणून एक गोष्ट ध्यानात घ्या : हे औषध बीजाणूचं रुजणं थांबवत नाही. पानावरच्या बीजाणूतून कोंब निघतोच. नंतर तो वेडावाकडा होतो आणि त्याची वाढ खुंटते.

हे समजलं तेही अशाच औषधामुळे. अमेरिकेत रोनाल्ड मॉरिस यांनी १९७५ साली याच ॲस्परजिलसचे असे वाण जाहीर केले, ज्यांचं केंद्रकविभाजन ४२ अंशांना अडतं आणि ३२ अंशांना नीट चालतं. बेनोमिल हे बुरशीनाशक मोडून त्याचं कार्बेन्डाझिमच बनतं. त्याला न जुमानणाऱ्या वाणांवरून १९७८ मध्ये बीटा-ट्युब्युलिनचा जनुक ओळखता आला. त्याच जनुकाचा माग काढताना १९८९ मध्ये गॅमा-ट्युब्युलिन हा ट्युब्युलिनचा आणखी एक प्रकार हाती लागला. तो तुमच्या-माझ्या पेशींतही आहे आणि तिथेही नळ्यांची सुरुवात तोच करून देतो. शेतीच्या औषधाने जीवशास्त्राला एवढं दिलं, हे मला विद्यार्थ्यांना आवर्जून सांगावंसं वाटतं.

आता गुण का येत नाही ते. बीटा-ट्युब्युलिन म्हणजे अमिनो आम्लांची साखळी. तिच्यात १९८व्या जागी ग्लुटामिक आम्ल असतं. तिथे ॲलानिन हे दुसरं अमिनो आम्ल आलं, एवढा एकच बदल झाला, तरी औषध चिकटत नाही आणि नळ्यांचं काम मात्र बिनबोभाट चालू राहतं. अशी बुरशी बागेत थोडी जरी असली, तरी प्रत्येक फवारणीत बाकीची मरते आणि तिला रान मोकळं मिळतं. मात्रा वाढवून उपयोग होत नाही, खर्च तेवढा वाढतो.

केवड्याचं उत्तर सोपं आहे. केवडा आणणारा जीव खरी बुरशीच नव्हे. तो तपकिरी शेवाळांच्या गोतावळ्यातला. त्याचं ट्युब्युलिन वेगळं, त्यामुळे हे औषध त्याला मुळात लागूच पडत नाही.

औषध बदलताना डब्यावरचं नाव न बघता आतला घटक वाचा. कार्बेन्डाझिम सोडून थायोफनेट मिथाइल घेतलं, तर तुम्ही काहीच बदललेलं नाही, कारण वेलीत गेल्यावर त्याचंही कार्बेन्डाझिमच होतं. वेगळ्या पद्धतीने काम करणाऱ्या गटातलं औषध निवडा, आणि माल बाहेर पाठवणार असाल तर त्या देशाची अवशेषमर्यादा, म्हणजे मालात औषधाचा किती अंश चालतो ते, आधी पाहून घ्या.