आसव-अरिष्ट या आंबवलेल्या आयुर्वेदिक औषधांत दारू असते, मग सोलापुरात ती दुकानात सहज कशी मिळतात?

मधल्या मारुतीजवळच्या दुकानात दशमूलारिष्ट चिठ्ठीशिवाय मिळालं, हे कायदेशीर का, असा तुमचा प्रश्न. हो, कायदेशीर आहे. आयुर्वेदिक औषध बनवायला परवाना लागतो, विकायला औषध कायद्याखाली लागत नाही. मला ही मोठी फट वाटते.

अरिष्टात दारू वरून ओतत नाहीत. काढ्यात गूळ आणि धायटीची फुलं घालून ते आंबवतात, त्यातून अल्कोहोल आपोआप तयार होतं. आमच्याकडे बाळंतिणीला दशमूलारिष्ट देतात, तेही दोन-तीन चमचे, तितक्याच पाण्यातून. नशेसाठी सहसा कोणी ते पीत नाही.

खरी काळजी मृतसंजीवनी सुरेसारख्या, जास्त अल्कोहोलच्या कडक औषधांची. म्हणूनच नियमांत तिच्या बाटलीच्या आकारावर मर्यादा आहे. १९४९ च्या दारूबंदी कायद्यातली सूटही नशेसाठी पिण्याजोग्या नसलेल्या औषधांनाच आहे. 'औषध' म्हणून कोणी पेताडांना बाटल्या पुरवत असेल, तर राज्य उत्पादन शुल्क किंवा अन्न व औषध प्रशासनाकडे लेखी तक्रार करा. लेबलवर उत्पादन परवाना क्रमांक नसेल तर बाटली घेऊच नका. आणि घरात कोणी दारू सोडत असेल, तर आसव देण्याआधी वैद्यांना हे नक्की सांगा.