एफडी मोडू की सोनं ठेवू? आधी ती पॉलिसी परत करा

खानापूरहून एक वाचक लिहितात : दुकान सांभाळून दोन वर्षं खपलो, घरचे 22 लाख घालून मराठी सिनेमा पुरा केला. सेन्सॉरही झालं. थिएटरला लावायला 12 लाख हवेत. 9 लाखांची एफडी मोडू की बायकोचं सोनं बँकेत ठेवू? सरकारी अनुदानाचे 40 लाख आले की सगळं फिटेल. आणि शेवटी, जाता जाता : ‘बँकेतल्या साहेबांनी एफडीसारखीच म्हणून सौ.च्या नावावर पॉलिसी दिलीय. वर्षाला 2 लाख, 10 वर्षं. कागद गेल्या आठवड्यात आले.’

सिनेमा राहू द्या बाजूला. ती पॉलिसी एफडीसारखी अजिबात नाही. 20 लाख भरायचे आणि परतावा 5-6 टक्क्यांच्या घरात. पुढच्या वर्षी हप्ता जमला नाही तर भरलेल्याला मोठी कात्री. वर गंमत बघा, कमावता माणूस तुम्ही, विमा सौ.चा! तुमच्यावर एक रुपयाचं कवच नाही.

कागद हाती पडल्यापासून 30 दिवसांत पॉलिसी परत करता येते. अटी मान्य नाहीत असं लिहून विमा कंपनीला द्या, साहेबांना नव्हे, आणि पोच घ्या. मुद्रांक शुल्क, वैद्यकीय तपासणी असे किरकोळ पैसे कापून बाकी परत मिळतील. हे छापून येईपर्यंत मुदत जाईल म्हणून तुम्हाला आधीच कळवलंय. त्या पैशातले 15-20 हजार काढून स्वतःचा एक कोटीचा टर्म विमा (मुदतीत आपलं काही बरंवाईट झालं तरच घरच्यांना पैसे देणारा) घ्या.

आता सिनेमा. 150 च्या तिकिटातून जीएसटी, थिएटरचा निम्मा वाटा आणि वितरकाचं कमिशन गेलं की हाती 55 रुपये. नुसते 12 लाख सुटायला 22 हजार तिकिटं. शोला 40 माणसं धरली तर 550 शो. आणि तुम्हाला मिळणार सकाळी 11 चा एक, तोही पुढच्या शुक्रवारी उतरवतील. अनुदानाचे 40 लाख ‘अ’ दर्जाच्या सिनेमाला, ‘ब’ ला 30. परीक्षण समितीने गुण दिले तर. लॉटरीचं तिकीट कोणी जमेच्या बाजूला लिहितं का?

सोन्याला हात लावू नका. एफडीतले 3 लाख काढा, जास्त नाही. बेळगावजवळच्या येळ्ळूर, उचगाव, कडोलीत साहित्य संमेलनाला मांडव भरतो, म्हणजे माणूस आहे. तिथे हॉल घेऊन 100 रुपयांचा खेळ लावा. 200 आले तर 20 हजार, हॉल-प्रोजेक्टरचे 8 वजा. पाच खेळ करा आणि आकडे मला पाठवा.