चोर एकेरी, अध्यक्ष आदरार्थी

प्रश्न : एकाच पानावर दोन बातम्या वाचल्या. ‘मोबाइल चोराच्या मुसक्या आवळल्या; त्याने गुन्ह्याची कबुली दिली’ आणि ‘ठेवींच्या अपहारप्रकरणी पतसंस्थेचे अध्यक्ष ताब्यात; त्यांची चौकशी सुरू’. दोघेही आरोपीच ना? मग भाषा वेगळी का?
– एक वाचक, परभणी

उत्तर : दोघेही आरोपीच. पहिली बातमी बहुधा पोलिसांच्या प्रेसनोटवरून उतरवलेली असते. ‘सराईत’, ‘सापळा रचून’, ‘शिताफीने’ हे तिथलेच शब्द, डेस्कवर फक्त मथळा चढतो. त्या पोराच्या वतीने खुलासा मागायला कोणी येणार नसते. अध्यक्षांचा वकील मात्र दुसऱ्या दिवशी नोटीस धाडू शकतो, म्हणून तिथे ‘कथित’ आणि ‘आरोप आहे’ आठवणीने लागतात. ‘त्याने’ आणि ‘त्यांनी’ हा भेदही असाच हात चालतो तसा पडतो. आरोपी कोणीही असो, दोघांना एकच क्रियापद वापरावे.

खरी गफलत ‘कबुली’त आहे. पोलिसांपुढे दिलेली कबुली आरोपीविरुद्ध पुरावा ठरत नाही. पूर्वी हे पुरावा कायद्याच्या कलम २५ मध्ये होते, १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम २३ मध्ये आहे. त्या माहितीवरून एखादी वस्तू सापडली, तर तेवढाच संबंधित भाग ग्राह्य धरता येतो. म्हणून ‘कबुली दिल्याचा पोलिसांचा दावा आहे’ असेच लिहायला हवे.

जातीचेही तेच. १८७१ च्या कायद्याने काही जमातींवर जन्मजात गुन्हेगारीचा शिक्का मारला. तो कायदा १९५२ मध्ये रद्द झाला, तरी ‘पारधी टोळी’ अजून मथळ्यात येते. पतसंस्थेच्या अध्यक्षांची जात कोणी मथळ्यात घातलेली पाहिलीत?

आरोप पोलिसांवर असला की कर्ताच गायब होतो : ‘कोठडीत मृत्यू झाला’. अशा मृत्यूची खबर २४ तासांत राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाला द्यावी लागते आणि न्यायदंडाधिकाऱ्यांनी चौकशी करायची असते. बातमीत अटकेची वेळ, पोलीस ठाणे, आयोगाला दिलेली खबर आणि ही चौकशी यांचा उल्लेख नसेल, तर ती एकाच बाजूची समजावी.

प्रश्न : वाचक म्हणून पडताळणी कशी करावी?
– एक वाचक, चिपळूण

उत्तर : महाराष्ट्र पोलिसांच्या संकेतस्थळावर एफआयआर पाहा. २०१६ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानुसार तो साधारण २४ तासांत टाकावा लागतो. लैंगिक अत्याचारासारख्या संवेदनशील गुन्ह्यांचे टाकत नाहीत, ते शोधू नका. एफआयआरमधली कलमे आणि बातमीतली विशेषणे शेजारी ठेवा. ‘अट्टल’ म्हटले असेल, तर आधीच्या गुन्ह्यांचा तपशील किंवा शिक्षा कुठे आहे? नुसते गुन्हे दाखल असणे म्हणजे दोष सिद्ध होणे नव्हे. चूक दिसली तर आधी संपादकांना लेखी कळवा, कात्रण आणि तारीख जोडून. दाद लागली नाही तर भारतीय प्रेस परिषदेकडे जाता येते. दैनिकाबाबत ही तक्रार प्रसिद्धीपासून दोन महिन्यांत करावी लागते, त्यामुळे संपादकांच्या उत्तराची वाट पाहत मुदत घालवू नका. परिषद ताशेरे ओढू शकते, दंड करू शकत नाही.