वाचकांचे प्रश्न: वकिलाच्या ऑफिसला प्रिंटर कुठला घ्यावा?

प्रश्न: चिपळूणला माझं वकिलीचं छोटं ऑफिस आहे. रोज साधारण 60 पानं निघतात, अर्ज, नोटिसा, करारनामे, सगळं काळंच, रंगीत महिन्याला चार-पाच पानं फार तर. आत्ता इंक टँक, म्हणजे टाकीत शाई ओतायचा प्रिंटर आहे, पण कोर्टाच्या उन्हाळी सुट्टीनंतर चालू केला की अक्षरांतून पांढऱ्या रेघा येतात आणि क्लीनिंग करून करून शाई उतरते. दुकानदार म्हणतो मोठा रंगीत घ्या. काय करू?

उत्तर: ताई, मोठा रंगीत अजिबात घेऊ नका. तुमच्या कामाला साधा काळा लेझरच हवा. इंक टँक वाईट नाही, रोज रंगीत काम असेल तर मी तोच सांगितला असता, पण महिनाभर बंद राहिला की हेडच्या, म्हणजे कागदावर शाई सोडणाऱ्या भागाच्या, बारीक छिद्रांत शाई सुकते, त्या पांढऱ्या रेघा त्याच्याच, आणि दर क्लीनिंगची शाई आतल्या पॅडमध्ये जाते, तो भरला की मशीनच अडून बसतं. लेझरमध्ये शाईऐवजी टोनर असतो, टोनर म्हणजे कोरडी पावडर, सुकायला त्यात काही नाही. शिवाय ती उष्णतेने कागदावर वितळून चिकटते, त्यामुळे तुमच्याकडच्या पावसात फाईल भिजली तरी अक्षरं पसरत नाहीत.

आता हिशोब, कारण लोक इथेच फसतात. रोज 60 म्हणजे कामाचे 25 दिवस धरून महिन्याला 1500, वर्षाला 18,000 पानं. समजा एका मशीनचा टोनर 2400 रुपयांचा आणि 1200 पानं देतो, तर पान 2 रुपयांना पडलं, वर्षाचे 36,000! दुसऱ्या मशीनचा टोनर 3600 चा पण 3000 पानांचा असेल तर पान 1 रुपया 20 पैसे, वर्षाला 21,600, म्हणजे मशीन चार-पाच हजारांनी महाग असलं तरी पहिल्याच वर्षी वसूल. खोक्यावरचा पानांचा आकडा पानाचा जेमतेम 5 टक्के भाग छापला जाईल असं धरून असतो, तुमच्या नोटिसा गच्च भरलेल्या, तेव्हा पानं थोडी कमीच धरा. ड्रम, म्हणजे टोनर कागदावर उमटवणारा रूळ, वेगळा असेल तर त्याचीही किंमत विचारा.

दोन्ही बाजूंनी आपोआप छापणारा आणि वर एडीएफ, म्हणजे स्कॅनसाठी पानं आपोआप एकेक आत ओढणारा ट्रे, असलेला बघा, 80 पानांचं प्रकरण एकेक पान काचेवर ठेवून स्कॅन करणं म्हणजे तुमच्या ज्युनियरची अख्खी दुपार जाते. मॅन्युअल फीड, म्हणजे हाताने एकेक कागद घालायची फट, हवंच, स्टॅम्प पेपर तिथूनच घाला, आणि आधी त्याच मापाच्या साध्या कागदावर समास जुळवून बघा, 500 रुपयांचा कागद वाकडा छापला गेला तर जीव हळहळतो.

कॉम्प्युटरच्या छोट्या यूपीएसवर मात्र लेझर लावू नका, गरम होताना तो एकदम खूप वीज ओढतो, त्याला भिंतीतला वेगळा प्लग द्या. पावसाळ्यात रीम उघडी ठेवू नका, सर्दावलेला कागद आत गुंडाळला जातो आणि अडकतो, लागतील तेवढीच पानं ट्रेमध्ये भरा. आणि ती चार-पाच रंगीत पानं खुशाल बाहेर झेरॉक्सवाल्याकडे काढा.